चिठ्ठीत असेल ते

त्या शनिवारी बाबांनी आणि मी मिळून बालिंतचं घर पुसून काढलं. दुसऱ्या दिवशी धर्मसुधारणेचा रविवार होता. वर्षातून त्या एका दिवशी प्रार्थना संपली की सगळं चर्च रांगेने त्या घरात येतं, काचेखालचं पुस्तक पाहतं, पोरांना 'हात लावू नका' म्हणतं आणि दहा मिनिटांत जेवायला आपापल्या घरी जातं. बाकीचं वर्षभर घर बाबांचं असायचं.

घर म्हणजे दीड खोली. सिर्मादी बालिंत इथे जन्मला. म्हणजे हे घर उभं राहून दोनशे वर्षं झाली आणि तो जन्मून पाचशे, पण जागा तीच, असं बाबा पाहुण्यांना सांगायचे, आणि पाहुणेही ते मानून घ्यायचे. बालिंत अकराव्या वर्षी शिकायला गाव सोडून गेला. त्याने स्तोत्रं हंगेरियनमध्ये आणली, दोनदा तुरुंगात बसला, आणि सिर्मादला परत कधी आला नाही. नावाच्या आधी गाव लावत राहिला तेवढंच. मोठ्या खोलीत त्याच्या पुस्तकाची एक प्रत, प्रभुभोजनाचा कथिलाचा पेला आणि छापखान्याचा एक लाकडी नमुना, जो बाबांनीच एका हिवाळ्यात केला होता. अर्ध्या खोलीत कपाट, खुर्ची आणि बाबांचा जेवणाचा डबा. कपाटाच्या वर भिंतीवर बालिंतचं एक वाक्य रंगवलेलं: मेलेल्याला आपल्या शब्दांची गरज नाही.

"ओलं फडकं नको काचेला," बाबा म्हणाले. "वर्तमानपत्र घे."

"माहीत आहे मला."

"माहीत सगळं असतं तुला. हातात मात्र ओलं फडकं असतं."

मी वर्तमानपत्र घेतलं. आत थंडी होती. शेगडी पेटवली की काचेच्या पेटीत वाफ धरते म्हणून ऑक्टोबरात ते शेगडी पेटवत नसत. अंगात दोन स्वेटर, डोक्याला मेंढीच्या कातड्याची टोपी आणि नाक लाल.

अकराच्या सुमारास एक गाडी थांबली. नवरा, बायको, नवीन बूट. बाईने दारातूनच विचारलं, "इथे बाथरूम आहे का?"

"आहे," बाबा म्हणाले, "अंगणात, अक्रोडाच्या मागे. पण वाट घरातून जाते."

वाट घरातून जात नाही. फाटकाच्या डाव्या हाताला सरळ पायवाट आहे. पण ती दोघं आत आली, आणि बाबांनी त्यांना बालिंतचा जन्म, पहिला तुरुंग, दुसरा तुरुंग आणि छापखाना एवढं सगळं ऐकवलं. बाई एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिली. नवरा पाहुण्यांच्या वहीत सही करून मोकळा झाला.

ती गेल्यावर मी म्हटलं, "बाबा, त्या बाईचे हाल केलेत तुम्ही."

"बालिंतने चौदा महिने साखळीत काढले. हिने चौदा मिनिटं काढली." मग वही पुढे ओढून त्यांनी सही वाचली. "मिश्कोल्त्स. लांबून आली होती बिचारी."

दुपारी आम्ही त्याच खोलीत डब्यातला कोबी खाल्ला. ते बसले खुर्चीवर, मी उंबऱ्यावर. त्यांना काही विचारावं, काही सांगावं, असं मला तेव्हाही वाटलं. दर महिन्याला वाटायचं. मी देब्रेत्सेनहून सकाळच्या बसने यायचे आणि संध्याकाळच्या बसने जायचे, आणि येताना प्रत्येक वेळी मनात एकच असायचं: आज बोलतील. एकोणीस वर्षं मी त्या एका गोष्टीची वाट पाहत होते. ती गोष्ट आता सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

बाबा चाळीस वर्षं सिर्मादचे कांतोर होते. दिवसा सहकारी संस्थेच्या फळगोदामात सफरचंदांच्या पेट्या लिहून घ्यायच्या आणि रविवारी चर्चमध्ये गाणं चालवायचं. पण कांतोरचं खरं काम मरणाला. आमच्या तिसा नदीकाठच्या गावांत माणूस गेला की पाळक उपदेश करतो तो देवाच्या बाजूने, आणि कांतोर निरोप गातो तो मेलेल्याच्या बाजूने. निरोपात मेलेला स्वतः बोलतो. बायकोला, मुलांना, भावंडांना, शेजाऱ्यांना, एकेकाला नाव घेऊन दोन-दोन ओळींत सांगतो, येतो म्हणून. ज्याचं नाव येतं तो मान खाली घालून रडतो. ज्याचं येत नाही तो पुढल्या मयताला त्या घरी जात नाही.

म्हणून बाबांचा नियम कडक होता. घरच्यांनी नावांची चिठ्ठी द्यायची. चिठ्ठीत असेल ते, असेल त्या क्रमाने. आपल्या पदरचं एक नाव घालायचं नाही, एक गाळायचं नाही. तरुणपणी एकदा दया येऊन त्यांनी एका घरच्या निरोपात कॅनडाला पळून गेलेला थोरला मुलगा घातला होता. विधवेने भर अंगणात हात वर करून निरोप थांबवला. "या नावाचं माझ्या घरात कुणी नाही," ती म्हणाली, आणि बाबांना दिलेली अक्रोडाची पोळी ताटासकट परत मागून घेतली. तेव्हापासून नियम. चोर्बा गेर्गेय नावाच्या म्हाताऱ्याने तर जिवंतपणीच आपला निरोप लिहून घेतला आणि पुढे अकरा वर्षं जगला. दर नव्या भांडणानंतर तो नवी चिठ्ठी घेऊन यायचा. "यातून मेहुणा काढ," म्हणायचा. ईस्टरला पुन्हा, "घाल मेहुणा."

आईचा निरोप बाबांनीच गायला. दुसरं कुणी नव्हतंच. तो सप्टेंबर होता, मी एकतीस वर्षांची होते. पिरीमावशीचं नाव आलं, मामांची आली, चर्चमधल्या सोबतिणींची आली, बोरीकाकूंचं आलं. मग बाबांनी कागद खाली केला आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता मी. मी मान खाली घातली. वर पाहिलं तेव्हा ते कागदाची घडी करत होते आणि चार माणसं पेटी उचलायला पुढे आली होती.

पोटच्या एकुलत्या एक मुलीचं नाव नाही. सगळ्या गावाने ऐकलं, म्हणजे ऐकलं नाही. पिरीमावशी जेवताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "दुःखात माणूस विसरतो गं." बाबांचं स्वतःचंही नाव नव्हतं, पण ते गाणारेच होते, कांतोर स्वतःचा निरोप स्वतःच कसा घेणार, असं लोकांनी धरून घेतलं. माझ्या बाबतीत धरून घेण्यासारखं काही नव्हतं. मी त्यांना विचारलं नाही. ते बोलले नाहीत. त्यानंतर आम्ही आलटून पालटून काच पुसली, एकोणीस वर्षं.

त्या शनिवारी ते मला बसथांब्यावर सोडायला आले. अंधारून आलं होतं.

"उद्या राहायचं होतंस. हॉलंडच्या चर्चने पाठवलेला केक आहे."

"ग्रंथालयात सोमवारी तपासणी आहे. उद्या तयारी करायचीय."

"बरं." बसचे दिवे दिसले. "त्या बाईने वहीत काय लिहिलंय पाहिलंस? 'फार माहितीपूर्ण.'"

मी हसले. ते म्हणाले, "मागच्या सीटवर बसू नकोस, पोटात ढवळतं तुझ्या," आणि बस सुटायच्या आधीच वळून चालू लागले. त्यांना हात हलवायला आवडत नसे.

सोमवारी सकाळी बोरीकाकूंचा फोन आला. बोरीकाकू बाबांच्या शेजारी राहतात. बालिंतच्या घराची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते, आणि कुंपणावरून बाबांशी भांडण्याचा हक्कही.

"शारी, बस आहेस का उभी?" त्या म्हणाल्या. मी उभी होते. "बस मग."

रविवारचा केकचा रिकामा डबा परत न्यायला बाबा बालिंतच्या घरी गेले होते. कुलूप उघडं दिसलं म्हणून काकू डोकावल्या. अर्ध्या खोलीत खुर्चीवर, टोपी मांडीवर. डॉक्टर म्हणाले, झोपेत जातात तसं. बोरीकाकूंना ते पटलं नव्हतं. "झोपायला टोपी काढतं का कुणी त्या थंडीत? काढून बसले होते ते. पाहुण्यासारखे."

मी दुपारी पोचले. मरणाची घंटा वाजवून झाली होती. आमच्या स्वयंपाकघरात बायकांनी आधीच कोबीचं पातेलं चढवलं होतं आणि माझ्याच घरात मला बसायला खुर्ची दिली. पाळकसाहेब आले, हात हातात घेतला, शुक्रवार दुपार ठरवली. त्यांच्यामागून एनिको आली. बाबांनंतर कांतोर झालेली ही मुलगी तिशीतली. शाळेत संगीत शिकवते आणि चार गावांची चर्चं एका जुन्या गाडीतून सांभाळते. तिचा आवाज चांगला आहे, बाबा म्हणायचे, पण डोळ्यांत गाव नाही.

"शारोल्ताताई," ती खालच्या आवाजात म्हणाली, "मी नुसतं स्तोत्र म्हटलं तर चालेल का? निरोप मला लिहिता येत नाही. आमच्या गावाकडे नसतं हे."

चुलीपाशी चमचे थांबले.

"चारशे माणसांना त्याने बोलतं केलं," बोरीकाकू म्हणाल्या. "आणि तो मुका जाणार होय?"

"पाळकसाहेबांना विचारा ना. बालिंतचं वाक्यच आहे, मेलेल्याला—"

"ते वाक्य भिंतीवर आहे. हिचा बाप, आब्रिश, त्या वाक्याच्या खालीच बसून निरोप लिहायचा." काकूंनी झाकण आपटलं. "मागच्या पाळकांनीही टोकलं होतं त्याला. आब्रिश काय म्हणाला माहितीय? 'मेलेल्याला नसेल गरज. गाव जिवंत आहे अजून.'"

पाळकसाहेब टोपी फिरवत राहिले. ते तरुण आहेत आणि त्यांना कोबी घरी न्यायचा होता.

"गाऊन मी देईन," एनिको म्हणाली. "पण लिहायला कुणीतरी हवं."

"कुणीतरी कशाला," बोरीकाकू म्हणाल्या. "ही आहे ना. जन्मभर पुस्तकांत आहे. लिही गं, शारी. आणि चिठ्ठीही तूच कर, तू घरची."

मी हो म्हटलं. नाही म्हणायला जागा नव्हती. रात्री बाबांच्या टेबलाशी बसले तेव्हा कळलं कशाला हो म्हटलं ते. निरोपात बाबा बोलणार होते. बोरीकाकूंशी काय बोलतील ते मला माहीत होतं, पाळकांशी काय तेही. पण शेवटी, किंवा सुरुवातीला, त्यांना माझ्याशी बोलावं लागणार होतं, आणि ते शब्द मला लिहायचे होते. ज्या तोंडून मी एकोणीस वर्षं माझं नाव ऐकायची वाट पाहिली, त्या तोंडात ते मीच घालायचं? चारचौघांत मीच माझी समजूत काढल्यासारखं होणार होतं. आणि नाव घातलंच नाही, तर गाव म्हणणार, आब्रिशने पोरीला दुसऱ्यांदा गाळलं.

मंगळवारी मी बालिंतच्या घरी गेले. बाबांनी आपला निरोप लिहून ठेवला असेल अशी एक आशा होती. चोर्बा गेर्गेयचा लिहिणारा माणूस स्वतःचा विसरेल कसा. आत काचा स्वच्छ होत्या, आम्ही पुसलेल्या. पाहुण्यांच्या वहीत रविवारच्या सह्या होत्या, नेहमीच्याच, बावीस. शेवटी बाबांची. ते कधी सही करत नसत. घरच्याने पाहुण्यांच्या वहीत कशाला. बहुधा पेन चालतंय का ते पाहिलं असेल. मी तसंच धरलं.

कपाटाच्या खालच्या खणात गठ्ठे होते. गोदामातल्या सफरचंदांच्या लेबलांना बांधतात त्या सुतळीने वर्षवार बांधलेले. घरी उंदीर असतात, बालिंतकडे नसतात, म्हणून तिथे ठेवलेले. प्रत्येक निरोपाला त्याची चिठ्ठी टाचणीने लावलेली. शाळेच्या वहीचं पान, औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा, टपालाचं पाकीट. कुणाकुणाच्या हातची अक्षरं. एका चिठ्ठीवर 'सून' खोडून 'सून' पुन्हा लिहिलेलं. गेर्गेयच्या नऊ चिठ्ठ्या होत्या, मेहुणा येत-जात असलेल्या. मी जमिनीवर बसून एक-एक पाहत गेले. बोटं गार पडली की काखेत धरायची आणि पुन्हा पाहायचं. त्यांचा स्वतःचा निरोप नव्हता. शेवटचा गठ्ठाही संपला. मग आईचं वर्ष मी उघडलं. इतका वेळ ते बाजूला ठेवलं होतं.

आईचा निरोप दोन पानांचा. वाचायची गरज नव्हती, पाठ होता.

*पिरे, माझ्या पाठच्या बहिणी, रडू नको फार,
आईच्या त्या पेटीत आहेत मणी माझे चार.*

त्याला टाचलेली चिठ्ठी म्हणजे ग्रंथालयाचं एक कोरं कार्ड. कार्डावर उभ्या, छापल्यासारख्या अक्षरात अकरा नावं. एकाखाली एक, आकडे घालून.

अक्षर माझं होतं.

मी कार्ड दारापाशी उजेडात नेलं. अकरा. पिरी, मामा दोघे, मामी, सोबतिणी पाच, बोरीकाकू, आईला सांभाळणारी नर्स. माझं नाव नव्हतं. बाबांचं नव्हतं.

तेव्हा आठवलं. तोवर खरंच आठवलं नव्हतं. आई गेली तो आठवडा आलुबुखारे उतरवायचा होता. फळ थांबत नाही, म्हणून अंगणात मुरंब्याची मोठी कढई चढलेली, बायका पाळीपाळीने ढवळत होत्या, आणि मी पायरीवर बसून बोरीकाकूंना विचारून नावं लिहीत होते. "नर्सला विसरू नकोस," त्या म्हणाल्या होत्या. नर्सला मी विसरले नव्हते. मी तेव्हा आठ वर्षं कार्डं लिहीत होते. पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, छापणाऱ्याचं नाव. लिहिणाऱ्याचं नाव कार्डावर येत नाही. चिठ्ठी मी बाबांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली, उलटून मागची बाजू पाहिली आणि विचारलं, "एवढीच?"

"एवढीच," मी म्हटलं.

दारात उभी राहून मी ते पुन्हा ऐकलं. एवढीच?

आणि त्याच्याही मागचं एक आठवलं. मी विद्यापीठातून आले होते, वय बावीस, डोकं पुस्तकांनी भरलेलं. थोरल्या काकांचा निरोप होऊन आम्ही घरी सूप पीत होतो. मी म्हटलं होतं, "असल्या यमकांत माझं नाव कधी घालू नका हं, बाबा. मला मेल्याहून मेल्यासारखं होईल." आई म्हणाली, "शारी." बाबा सूप पीत राहिले.

म्हणजे मी सांगितलं होतं, नको म्हणून. मग चिठ्ठीही मीच दिली, आणि तिच्यात मी नव्हते. ते आणखी काय समजणार होते? गाता-गाता कागद खाली करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ते पाहणं मला पुढे अपराधी वाटत राहिलं. ते विचारत होते. आणि मी मान खाली घातली.

कदाचित असं नसेलही. कदाचित ते खरंच दुःखात विसरले असतील. आता कोण सांगणार? पण कार्ड तर हातात होतं.

मी गठ्ठा बांधला. सुतळीची गाठ त्यांच्यासारखी जमली नाही. रस्त्यात बोरीकाकू भेटल्या, हातात कोंबडीचं पातेलं.

"सापडला का निरोप?"

"नाही."

"मला वाटलंच. न्हाव्याचे केस वाढलेलेच असतात." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "रडलीस?"

"थंडी आहे आत."

"काकू," मी थोड्या वेळाने म्हटलं, "आईची चिठ्ठी कुणी लिहिली होती, आठवतं तुम्हाला?"

"तू. मुरंबा ढवळत मीच नाही का तुला नावं सांगितली?" त्या थांबल्या. पातेलं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "अगं बाई," त्या म्हणाल्या, हळू. मग आम्ही घराकडे चालू लागलो. फाटकाशी त्या म्हणाल्या, "मी त्याला बोलले होते, आब्रिशला. त्याच संध्याकाळी. पोरीला गाळलंस, म्हटलं, जनाची नाही तर मनाची ठेव. तो म्हणाला, 'तिला नको होतं.' मला वाटलं, थापा मारतोय."

"हे तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"तू विचारलंस कधी?"

बुधवारी रात्री मी निरोप लिहिला. सोपा गेला. ते सगळ्यांशी काय बोलतील ते ऐकू येत होतं; यमकं त्यांच्यासारखी जाड ठेवली, बारीक काम केलं नाही. पाळकांना लिहिलं, चर्चच्या गायकांना, फळगोदामातल्या उरलेल्या दोघांना, एनिकोला. चिठ्ठी वेगळी केली, नियमाप्रमाणे. चिठ्ठीत शेवटी माझं नाव लिहिलं. निरोपात त्या जागी ओळी लिहायला बसले आणि पहाटेपर्यंत सहा वेळा खोडल्या. एकात ते क्षमा मागत होते, एकात मी. एकात ते म्हणत होते की त्यांना सगळं माहीत होतं. सगळं खोटं. चारशे लोकांच्या तोंडी त्यांनी जे घातलं ते घरच्यांनी दिलेल्या चिठ्ठीवरून. आणि मला त्यांच्याकडून चिठ्ठी मिळाली नव्हती.

गुरुवारी एनिको चाल बसवायला आली. वाचत शेवटच्या पानावर थांबली.

"ताई, इथे नुसतं नाव आहे. पुढे ओळ नाही."

"नाही."

"मग मी काय म्हणू?"

"नाव म्हण आणि थांब."

"लोक वाट पाहतील."

"पाहू देत."

तिने ते नाव पुन्हा वाचलं. "तुमचं नाव गाण्यात कसं म्हणायचं? शारी की शारोल्ता?"

मला हेही माहीत नव्हतं. घरात ते मला काहीच म्हणत नसत. 'ऐक' म्हणायचे किंवा सरळ बोलायला सुरुवात करायचे. "शारोल्ता," मी म्हटलं. "बाप्तिस्मा त्या नावाने झाला."

शुक्रवारी वारा होता. चाळीसएक माणसं आली, बहुतेक सत्तरीच्या वरची. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. पेटीच्या उजवीकडे घरच्यांची जागा असते; तिथे मी एकटी होते. पिरीमावशी तीन वर्षांपूर्वी गेली, मामा त्याआधी. मी पहिल्यांदा पाहिलं की ती जागा एका माणसाला किती मोठी पडते. पाळकसाहेबांचा उपदेश लहान होता. त्यात बालिंत एकदा आला. मग एनिको पुढे झाली.

तिने चांगलं गायलं. कागदाकडे न पाहता ती ज्याचं नाव येईल त्याच्याकडे पाहत होती. हे मी तिला सांगितलं नव्हतं. पाळकसाहेबांना मेलेल्याकडून निरोप मिळण्याची सवय नव्हती. ते लाल झाले. मग कुंपणापलीकडची पाळी आली.

*येतो मी, बोरीबाई, कुंपण आता तुमचं,
चाळीस वर्षं भांडलो, तरी घर शेजारचं.*

"बेचाळीस," बोरीकाकू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, आणि रुमाल तोंडावर धरला. पुरुषांच्या बाजूला कुणीतरी नाक ओढलं की हसलं, कळलं नाही. गायक झाले, गोदामातले दोघे झाले. एनिकोने स्वतःचं नाव गायलं, तिथे तिचा आवाज जरा बसला.

मग ती माझ्याकडे वळली. "शारोल्ता," ती म्हणाली, गाऊन, दोन स्वरांत, आणि थांबली.

सगळे थांबले. वाऱ्याने कुणाच्या तरी हारावरची फीत फडफडत होती. पेटी उचलणारे चौघे अर्धे पुढे येऊन मागे झाले. एनिकोने कागद खाली केला आणि माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या मागून सगळं गाव पाहत होतं. या वेळी मी मान खाली घातली नाही. एक पाऊल पुढे गेले. पेटीच्या लाकडाला हात लावला. ते थंड होतं आणि थोडं ओलं.

"बाबा," मी म्हटलं. आवाज वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "आईची चिठ्ठी मी लिहिली होती. माझं नाव माझ्याकडूनच राहिलं. तुम्ही 'एवढीच?' म्हणून विचारलंत आणि मी 'एवढीच' म्हटलं. मग तुम्ही गायलं नाहीत, तर त्याचा राग तुमच्यावर धरून बसले. एकोणीस वर्षं. विचारलं नाही."

मला वाटत होतं एवढंच आहे. पण ते एवढंच नव्हतं.

"दर महिन्याला मी यायचे ना, बाबा, ते मी स्वतःला सांगायचे की तुम्ही कधीतरी बोलाल, ते ऐकायला जाते. तसं नव्हतं. ग्रंथालयातल्या बायका विचारायच्या, कुठे निघालीस, तर मी म्हणायचे, काम आहे. काम काही नव्हतं. मला तुम्हाला भेटायचं असायचं."